इम्युनिटी वाढवायची की शांत करायची? पोटाचा घेर, फायबर आणि तर्रीतले चणे

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा जे मेट्रोत इअरफोन विसरून बसले, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली बडबड कापली आहे आणि आकडे जरा नीट लिहिले आहेत.

विषय आला एका मेसेजवरून. एका श्रोत्याने लिहिलं होतं, "भाऊ, वजन वाढलं, शुगर बॉर्डरवर आली. घरचे म्हणून राहिले की तुझी इम्युनिटी कमी झाली. तर इम्युनिटी वाढवायला कोणती पावडर घेऊ?"

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. फायबर म्हटलं की आम्हाला आधी इंटरनेटची लाइन आठवते. पण हा प्रश्न माझाही आहे. मागच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या रिपोर्टवर पाचपैकी तीन खुणा लागल्या. त्या पाच कोणत्या ते पुढे येईलच. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो आणि लक्षात आलं की या मेसेजमधला प्रश्नच जरा वाकडा आहे. "इम्युनिटी कशी वाढवू" असं विचारण्यापेक्षा "इम्युनिटी विनाकारण चिडलेली का आहे" असं विचारलं, तर उत्तर पावडरच्या डब्यात सापडत नाही. ते बऱ्याच अंशी ताटात सापडतं.

आधी टेप काढा

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नाही. पाच गोष्टींची यादी आहे, आणि त्यातल्या कुठल्याही तीन जुळल्या की डॉक्टर हे नाव लावतात. भारतीयांसाठी यादी अशी:

१. कमरेचा घेर: पुरुषांत ९० सेंटीमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त.
२. ट्रायग्लिसराइड: १५० किंवा जास्त.
३. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल: पुरुषांत ४० पेक्षा कमी, बायकांत ५० पेक्षा कमी.
४. बीपी: वरचं १३० किंवा खालचं ८५, किंवा त्यापुढे.
५. उपाशीपोटी शुगर: १०० किंवा जास्त.

यातल्या एखाद्या गोष्टीसाठी गोळी चालू असेल, तर ती खूण लागलीच असं समजायचं. घेर मोजताना पोट आत ओढायचं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप ठेवायचा, श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. पॅन्टचा नंबर इथे चालत नाही.

"पण मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक पुणेरी किस्सा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! इंग्रजीत दोघांची आडनावं वाय अक्षराने सुरू होतात, म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार असा आपला साचा जन्मापासूनच असू शकतो. म्हणूनच आपल्यासाठी घेराची मर्यादा युरोपियन लोकांपेक्षा कमी ठेवली आहे.

इम्युनिटी झोपलेली नाही, सतत जागी आहे

पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन नाही. तिथल्या पेशी फुगल्या की त्या ताणाचे सिग्नल पाठवायला लागतात. मग मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी तिथे जमतात आणि दाहाची रसायनं सोडत राहतात. १९९३ मध्ये बोस्टनमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचं असं रसायन बाहेर पडतं, आणि ते निष्प्रभ केलं की इन्सुलिनचं काम सुधारतं. साखरेचा आजार आणि इम्युनिटी हे दोन वेगळे विभाग नाहीत, हे तिथून नीट कळायला लागलं.

आमच्या आयटीमध्ये एक प्रकार असतो, 'अलर्ट फटीग'. सर्व्हरवर काही झालेलं नसतानाही दर पाच मिनिटांनी अलार्म वाजत राहिला, की टीम थकते. मग खरंच सर्व्हर पडतो तेव्हा कोणी वेळेवर उठत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोममधली रोगप्रतिकारशक्ती साधारण अशीच असते. ती कमी आहे असं म्हणणं अर्धवट आहे. बारीक आचेवर ती सारखी पेटलेली असते, आणि खरं काम आलं की कमी पडते.

त्यावर साखर चढली की अजून एक अडचण. रक्तातली साखर बराच काळ जास्त राहिली, तर जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात. मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट असतो. आणि नागपूरकरांना २०२१ चा उन्हाळा वेगळा सांगायला नको. कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी आली. महाराष्ट्र आणि गुजरात हे सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत होते, आणि आपल्या शहरातही पेशंट भरपूर. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला. त्यातल्या बहुतेकांमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या: ताब्यात नसलेली शुगर आणि स्टेरॉइड.

फायबर खाल्लं असतं तर काळी बुरशी झाली नसती, असं मी अजिबात म्हणत नाही. पोटाचा घेर, साखर आणि संसर्गाशी लढायची ताकद हे एकाच दोरीचे पदर आहेत, एवढंच म्हणतोय.

चोथा आत जाऊन करतो काय?

आपल्या आज्यांच्या भाषेत फायबर म्हणजे चोथा. जो आपल्याला पचत नाही तो. पण आपल्याला पचत नाही म्हणजे कोणालाच पचत नाही असं नाही. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंची संख्या साधारण ३८ लाख कोटी धरतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींइतकीच. वनस्पतींतली गुंतागुंतीची कर्बोदकं तोडायला माणसाकडे मोजकीच एन्झाइम आहेत. पण आतड्यातल्या एकेका जिवाणूकडे दोनशेच्या वर असू शकतात. आपण वरून चोथा टाकतो, ते खाली बसून तो आंबवतात आणि त्यातून तीन छोटी आम्लं तयार करतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट.

या आम्लांची कामं बघा.

पहिलं, भिंत सांभाळणं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींना बहुतेक ऊर्जा ब्युटिरेटमधून मिळते. ही भिंत म्हणजे एका पेशीइतका पातळ थर, वर चिकट म्युकसचं आवरण. पलीकडे जिवाणू, अलीकडे रक्त. भिंत कमजोर झाली की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात आणि इम्युनिटीचा अलार्म वाजतो. २००७ मध्ये बेल्जियमचे पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना असे तुकडे चार आठवडे अगदी थोड्या प्रमाणात टोचले. नुसत्या तेवढ्यावर उंदरांचं वजन वाढलं आणि साखरेचं गणित बिघडलं.

दुसरं, शांत करणं. इम्युनिटीमध्ये 'टी-रेग' नावाच्या पेशी असतात. भांडण झालं की "बस झालं बापा आता" म्हणणारा मोहल्ल्यातला मोठा माणूस असतो ना, तसं त्यांचं काम. २०१३ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर दाखवलं की ब्युटिरेटसारखी आम्लं या पेशी वाढायला मदत करतात.

तिसरं, भुकेचा निरोप. ही आम्लं आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडायला लावतात. ओझेम्पिकचं नाव ऐकलं असेल, ते औषध याच हार्मोनची नक्कल करतं. अर्थात, इंजेक्शनचा डोस आणि भाकरीतून मिळणारा धक्का यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणी "नैसर्गिक ओझेम्पिक" म्हणून काही विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आणि चोथा मिळालाच नाही तर? २०१६ चा एक प्रयोग मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जिवाणू सोडले आणि त्यांचं फायबर बंद केलं. उपाशी जिवाणूंनी मग म्युकसचं आवरणच खायला सुरुवात केली. आवरण पातळ झालं आणि नंतर आतड्याचा संसर्ग दिला तेव्हा या उंदरांचे हाल झाले. चोथा आणि इम्युनिटीचा संबंध इतका सरळ क्वचितच दिसतो.

पण हे सगळे उंदीरच ना?

बरोबर पकडलं. माणसांचा पुरावा बघू.

सगळ्यात मोठा हिशोब २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १८५ दीर्घकालीन निरीक्षणं आणि ५८ प्रयोग एकत्र तपासले. जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू, हृदयविकार, स्ट्रोक, टाइप-२ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे सगळं कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्के कमी दिसलं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमला फायदा ठळक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगितलं, तेही अन्नातून.

२०१८ मध्ये चीनमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या पेशंटवर प्रयोग झाला. दोन्ही गटांना गोळी एकच, पण एका गटाच्या आहारात तऱ्हेतऱ्हेचं भरपूर फायबर. १२ आठवड्यांनी फायबरवाल्यांपैकी ८९ टक्के लोकांचं एचबीए१सी ७ च्या खाली आलं, दुसऱ्या गटात ५० टक्क्यांचं.

आता न जुळणारी बाजू. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी लोकांना दोन गटांत विभागलं. एकाला भरपूर फायबर, दुसऱ्याला दही, किमची असे आंबवलेले पदार्थ. १० आठवड्यांनी आंबवलेलं खाणाऱ्यांचे दाहाचे १९ मार्कर उतरले. फायबरवाल्यांमध्ये गट म्हणून तसं झालं नाही. काहींचा दाह उतरला, काहींचा नाही, आणि ज्यांच्या पोटात आधीपासून जिवाणूंची विविधता होती त्यांचा प्रतिसाद चांगला होता. म्हणजे चोथा टाकायचा तर तो खाणारे आत असायला हवेत. दही-ताक आणि फायबर यांची जोडी म्हणूनच महत्त्वाची.

इथे आपली बाजू थोडी वरचढ असू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांतले जिवाणू इतर देशांशी ताडून बघितले. आपल्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट जास्त निघाले. प्रिव्होटेला सहसा धान्य-भाजीपाला जास्त खाणाऱ्यांत आढळतो. त्यामुळे अमेरिकेचा निकाल जसाच्या तसा आपल्यावर चिकटवता येत नाही, फायद्याचाही आणि तोट्याचाही.

नागपुरी ताटाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यातले १०० ग्रॅम कच्च्या मालामागे फायबरचे आकडे असे:

पांढरा तांदूळ: २.८ ग्रॅम
मैदा: २.८
पोहे: ३.५
ज्वारी: १०.२
गव्हाची कणीक: ११.४
बाजरी: ११.५
तुरीची डाळ: ९.१
चणाडाळ: १५.२
आख्खे मूग: १७
आख्खे चणे: २५.२
जवस: २६.२

आता हे बघून माझी पहिली समजूत मोडली. मला वाटायचं भाकरी म्हणजे फायबर आणि पोळी म्हणजे साधी. पण न चाळलेल्या कणकेत आणि ज्वारीत फायबरचा फरक जवळजवळ नाहीच. खरी दरी आहे ती एका बाजूला भात, मैदा, पोहे आणि दुसऱ्या बाजूला कडधान्यं यांच्यात. नागपूर तसंही मधोमध बसलंय. पश्चिमेला ज्वारीचा विदर्भ, पूर्वेला भंडारा-गोंदियाचा भाताचा पट्टा. त्यात ज्वारीच्या वावरात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, आणि ताट हळूहळू पांढरं होत गेलं.

एक दिवस मोजू. सकाळी टपरीवर एक प्लेट पोहे, वर चमचाभर चणे: साधारण ४ ग्रॅम. दुपारी कॅन्टीनमध्ये भात, पातळ वरण, आलूची भाजी: ६. संध्याकाळी समोसा: २. रात्री मागवलेली बिर्याणी: ४. एकूण १६. पोट भरलं, पण २५ चा पल्ला लांबच राहिला.

आता तोच दिवस थोडा हलवू. पोहेवाल्या काकांना सांगा, "काका, चणे जास्त टाका." तर्री पोह्यातली तर्री सगळे मागतात, पण माल आहे तो चण्यांत. ३० ग्रॅम कोरड्या चण्यांची उसळ म्हणजे साडेसात ग्रॅम, आख्ख्या प्लेटमधल्या पोह्यांच्या तिपटीहून जास्त. दुपारी घरचा डबा: दोन पोळ्या, वरण-भात आणि आलूऐवजी गवार, की झाले १६. संध्याकाळी समोशाऐवजी पेरू, १०० ग्रॅमला साडेआठ. रात्री एक भाकर आणि झुणका, जवळपास १०. बेरीज चाळिशीच्या वर जाते, आणि कुठेही पावडर लागली नाही.

आपल्या संत्र्याबद्दलही विचारणार, माहीत आहे. गरात १०० ग्रॅमला फक्त १.३ ग्रॅम. पण फोडीवरच्या पांढऱ्या सालीत पेक्टिन असतं, जे जिवाणूंना आवडतं. म्हणून फोड सालीसकट खा. ज्यूस काढून, गाळून प्यायलात तर चोथा गाळणीत राहतो आणि साखर ग्लासात येते.

इसबगोल? कोलेस्टेरॉल आणि पोट साफ होण्यासाठी चांगलं. पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, त्यामुळे ब्युटिरेटचं काम त्यातून कमीच होतं. म्हणून एकच प्रकारचा चोथा पुरत नाही. चणे, गवार, ज्वारी, जवसाची चटणी, पेरू असं आलटून-पालटून हवं.

अजून एक इशारा. आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाच्या २०२५ च्या अहवालात आपल्या आहारातल्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं निघालं. आणि नुसता भात-मैदा काढून तेवढीच पोळी किंवा भाकरी खाल्ली, तर मधुमेहाच्या धोक्यात खास फरक दिसला नाही. कर्बोदकं थोडी कमी करून त्या जागी डाळ-कडधान्य किंवा दूध-दह्यातलं प्रोटीन घेतलं, तर दिसला. म्हणजे चार भाकऱ्या खाऊन "मिलेट खाल्लं" म्हणायचं नाही. दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ असं गणित बसवा.

सुरुवात कशी करायची

- एकदम १६ वरून ४० वर उडी मारू नका, पोट फुगेल. जिवाणूंची टीम वाढायला वेळ लागतो. आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवा. म्हणजे या आठवड्यात फक्त चणे, पुढच्या आठवड्यात पेरू.
- कडधान्यं रात्रभर भिजवा, पाणी फेका, नीट शिजवा. गॅसचा त्रास कमी होतो.
- पाणी वाढवा. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.
- रोज एक वाटी दही किंवा ग्लासभर ताक.
- शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, आतड्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटाचा जुना आजार असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. भात-पोळी कमी केली आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर खाली जाऊ शकते.
- आणि फायबर हा झोपेला, चालण्याला किंवा औषधाला पर्याय नाही.

प्रगती मोजायची असेल तर इम्युनिटीचा कोणताही एक 'स्कोअर' नसतो. तीन महिन्यांनी कमरेचा टेप, ट्रायग्लिसराइड आणि एचबीए१सी बघा. डॉक्टर म्हणाले तर एचएस-सीआरपी ही दाहाची रक्ततपासणीही करता येते. फक्त सर्दी-ताप असताना करू नका, आकडा उगाच चढलेला येतो.

मेसेज पाठवणाऱ्या भावाला माझं उत्तर असं: पावडर राहू दे. टेपने घेर मोज, पाचांची यादी तपास, तीन जुळल्या तर डॉक्टरांकडे जा, आणि उद्या सकाळपासून चणे वाढव. तुझा दिवसाचा हिशोब किती ग्रॅम निघाला ते कळव. बाकीच्यांनीही कळवा, निवडक हिशोब पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन. तोवर ऐकत राहा, खात राहा!